माया दिसू नये म्हणून

सदा, शिराळ्याहून मी निघाले तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. लढाई चालू होती. तुझ्या दाजींना जबलपूरला लष्कराची क्वार्टर मिळाली होती, ते मला न्यायला आले. मोटारीचा हॉर्न वाजला तरी आई गोठ्यातून बाहेर आली नाही. पाया पडायला गेले तर पाठमोरीच म्हणाली, "जा बिगीबिगी. मोटार जाईल."

वाटभर मी भेदरून बसले होते. परक्या मुलखाची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की मी तिकडे मेले तरी या बाईला काही वाटणार नाही.

जबलपुरात नळाचं पाणी, रेशनची रांग, सगळीकडे हिंदी. मी मुकीच झाले. तिथंच शालन झाली. दहा महिन्यांची असताना तिला निमोनिया झाला. दाजी आसामात. आणि मला तिला उचलवेना! हात लावला की ती जाईल, असंच मनानं घेतलं. शेजारच्या सरदारणीनं तिला मांडीवर घेतलं, औषध पाजलं. मी अंगणात निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसले. ती ओरडली, "तू माँ है कि पत्थर?"

शालन वाचली. पण मी स्वतःलाच भ्याले.

लढाई संपल्यावर माहेरी आले. धीर करून आईला विचारलं, "मला कधी जवळ का घेतलं नाहीस?"

ती चुलीतलं लाकूड सारत राहिली. मग म्हणाली, "तुज्या आदी दोगं झाली. उराशी धरून वाढवली. पलेगात आठ दिसांत दोगं बी गेली. मग तू झालीस. म्हनलं, हिच्यावरची माया दिसाया नगं."

"कुणाला?"

"न्हेणाऱ्याला."

मला रागच आला, सदा. भ्याव तिचं आणि मायेला उपाशी राहिलो आपण. तो राग सगळा गेलाय असं नाही. तरी मी शालनला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. तिचे हात वरच, अधांतरी राहिले. पोर झोपून गेली, तेव्हा कुठे ते खाली आले.

सांगलीला विश्रामबागेतल्या बोर्डिंगातून तू लिहितोस, सुट्टीला घरी जाणार नाही, तिथं माझं कोण आहे? जा रे. ती उठून जवळ येणार नाही. तूच जाऊन तिच्या शेजारी बस. मीही इथं जबलपुरात शालनला रोज जवळ ओढते, भीत भीतच. ती कुशीत शिरते आणि मला वाटतं, मी घरी आहे.