टर्कीच्या मागे हललेलं काहीतरी

गेल्या वर्षी जेवताना माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने, इराने, मला विचारलं, "आई, हॅव यू एव्हर किल्ड एनिथिंग यू ईट?" मी म्हटलं, "डास मारते, पण ते खात नाही." ती हसली. मला मात्र तो प्रश्न चांगलाच लागला. कराडला आमच्या घरी दर रविवारी मटण असायचं. कॅनडात, मिसिसागात आल्यापासून ते थर्मोकोलच्या ट्रेमध्ये, प्लास्टिकखाली गुंडाळलेलं येतं. चाळीस वर्षं मी मांस खातेय आणि एकदाही प्राण्याच्या डोळ्यांत बघितलेलं नाही.

माझ्या नणंद शुभाताई पीटरबरोला राहतात. मंदारपेक्षा, म्हणजे माझ्या नवऱ्यापेक्षा, आठ वर्षांनी मोठ्या. पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी, आणि दर मे महिन्यात टर्कीची शिकार. सासरी हा विषय कुजबुजत निघतो. मी फोन करून म्हटलं, "ताई, मला न्याल का?" त्या म्हणाल्या, "आधी कोर्स कर."

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते: हे लवकर होत नाही. शिकारीचा कोर्स वेगळा, बंदुकीचा वेगळा, मग परवाना, मग टर्कीचा टॅग, म्हणजे मारलेल्या पक्ष्याला बांधायची चिठ्ठी. मला सगळं मिळून आठ महिने लागले. वसंतात फक्त छातीवर दाढीसारखा केसांचा झुपका असलेला पक्षी मारता येतो, म्हणजे बहुतेक नरच. आणि रविवारी शिकार सगळीकडे चालत नाही, तेव्हा आपल्या गावाचा नियम आधी बघा.

शुक्रवार

मेचा दुसरा आठवडा. ऑफिसातून अर्धा दिवस घेतला आणि दुपारी दीडला निघाले. शुक्रवारी दुपारी ४०१ हायवे म्हणजे पार्किंग लॉटच. मी निमूट टोल भरून ४०७ धरला, पुढे ११५ ने उत्तरेला. ओशावा मागे पडलं की टेकड्या सुरू होतात आणि रेडिओ बंद करावासा वाटतो.

ताईंच्या घरी चहा झाला. मग त्यांनी माझी बॅग पलंगावर उलटी केली आणि माल पोलिसांसारखा तपासला. पांढरे मोजे बाजूला. निळ्या झाकणाची बाटली बाजूला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "टिकली काढ."

"टिकली?"

"नराचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं. यातला कुठलाही रंग झाडीत दिसला की समोरचा माणूस काय समजेल? आपल्याला टर्कीची भीती नाही गं. भीती माणसांची."

आम्ही जाणार होतो ते सरकारी जंगल. काउंटीचं, म्हणजे सगळ्यांचं. कुठल्याही झाडामागे कुणीही बसलेलं असू शकतं, अंगावर आपल्यासारखेच पाना-फांद्यांचे कपडे, हातात आपल्यासारखीच बंदूक. ताईंनी किचनमध्ये कणीक मळता मळता नियम सांगितले. पार्किंगमध्ये गाडी दिसली तर वाद न घालता पुढच्या पार्किंगला जायचं. पाठीला आपल्या खांद्यांहून रुंद झाड हवं. आवाज आला म्हणून आवाजाच्या दिशेने कधीही जायचं नाही, कारण तो आवाज माणूसही काढत असेल. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवायचा नाही, शिट्टी वाजवायची नाही; माणसासारखं मोठ्याने बोलायचं.

"आणि तो ऐकत नसेल तर?"

"मग अजून मोठ्याने," ताई म्हणाल्या.

शनिवार

पहाटे चारला निघालो. चाळीस मिनिटांचा रस्ता, शेवटचे सहा किलोमीटर खडीचे; छोट्या गाडीला चालतो, पण पाऊस झाला असेल तर जपून. ताईंच्या ठरलेल्या पार्किंगमध्ये एक रिकामी पिकअप उभी होती. मला वाटलं, एवढं मोठं जंगल, जाऊ की आपणही. ताईंनी गाडी वळवलीसुद्धा.

दुसऱ्या पार्किंगमध्येही एक जुना ट्रक होता, पण मालक अजून बाहेर उभा राहून थर्मासमधून कॉफी ओतत होता. सत्तरी ओलांडलेला, उंच, किंचित वाकलेला. त्याने नाव सांगितलं, वॉल्ट.

"तुम्ही आधी आलात," ताई म्हणाल्या. "आम्ही दुसरीकडे जातो."

"जागा दोघांपुरती आहे," तो म्हणाला आणि बुटाच्या टोकाने मातीत एक रेघ ओढली. "ही पायवाट. मी दक्षिणेला, पाइनच्या बाजूला. तुम्ही उत्तरेला, ओकच्या उतारावर. पायवाट कुणी ओलांडायची नाही. चालेल?"

कसला कागद नाही, कुंपण नाही. आम्ही दोघींनी आणि एका अनोळखी माणसाने मातीतल्या रेघेवर जीव ठेवला आणि अंधारात आपापल्या वाटेने चालू पडलो.

एका जुन्या ओकला पाठ टेकून मी बसले. ताई डावीकडे दोन हातांवर. पंचवीस पावलांवर मादीचा एक प्लास्टिकचा पुतळा रोवला. मांडीवर ताईंची वीस बोअरची शॉटगन. मग उजाडायला लागलं, आणि त्याचं काय सांगू! आधी नुसता राखाडीपणा होता. त्यातून जमिनीवर पांढरे ठिपके उमटायला लागले, शेकडो, हजारो, उतारभर. ट्रिलियमची फुलं. मी त्यांच्यातून चालत आले होते आणि मला पत्ताच नव्हता.

आणि मग झाडावरून पहिली हाक आली. गॉबल, गॉबल असं इंग्रजीत लिहितात, पण ते खोटं आहे. दगडांनी भरलेला हंडा कुणीतरी डोंगरावरून सोडून द्यावा तसा तो आवाज येतो. तो माझ्या पाठीमागच्या झाडातून माझ्या बरगड्यांत शिरला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हलायचं नसल्याने पुसायची सोय नव्हती.

ताईंनी लाकडी डबीचं झाकण हलकेच घासलं. मादीचा आवाज. वरून उत्तर आलं. मग पंखांची धडधड, आणि तो खाली उतरला.

यायला त्याने अर्धा तास घेतला. आला तेव्हा पिसारा पूर्ण फुलवून, पंखांची टोकं जमिनीवर घासत आला. अंगावर तांबं, हिरवं, जांभळं, कोन बदलला की सगळं बदलायचं. डोकं बघता बघता पांढऱ्याचं निळं झालं. छातीतून एक घुमारा काढत होता, इतका खोल की तो कानांना कमी आणि जमिनीला जास्त कळत असावा. मी बंदुकीचा चाप अडवणारी सेफ्टी काढली. बोट ट्रिगरच्या बाजूला ठेवलं.

"मार," ताई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

तेवढ्यात त्याच्या मागे, वीसेक पावलांवर, एक पडलेला ओंडका हलला.

मी पापणी मिटून उघडली. ओंडका पुन्हा हलला. त्याच्या टोकाला चार फिकट गाठी होत्या. माणसाच्या हाताच्या बोटांच्या गाठी, बंदुकीभोवती वळलेल्या.

पक्षी, तो हात आणि माझी नळी, तिन्ही एका रेषेत होते.

मी नळी आकाशाकडे केली, सेफ्टी लावली आणि ओरडले. इंग्रजी आठवलंच नाही. "ओ! थांबा! इथे माणसं आहेत! थांबा!" पक्षी उडाला. ताई माझ्यावर उखडणार होत्या, तेवढ्यात झुडपातून वॉल्ट उभा राहिला.

तो चालत आला. मध्ये थांबून त्याने बंदुकीतली तिन्ही काडतुसं काढली आणि खिशात टाकली. चेहरा ट्रिलियमसारखा पांढरा.

ताई त्याच्यावर ओरडल्या. "पायवाट तुम्ही आखलीत! तुम्ही! आणि सरपटत आवाजावर येता? इतकी वर्षं शिकार करता ना?"

"पन्नास," तो म्हणाला. "मी पायवाट ओलांडली? मला कळलंच नाही." मग माझ्याकडे वळून, "मी किती वेळ तुमच्या नळीसमोर होतो?"

मला खोटं बोलता आलं नाही. "बराच वेळ."

तो खालीच बसला. हळूहळू बोलला. दोन वर्षांपासून डावा कान गेलाय. आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. पक्षी पाइनमध्येच आहे असं वाटलं, म्हणून त्याच्याकडे सरकत राहिला. घरी बायकोला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की हे बंद. "माझ्या मुलांना मी पहिला नियम हाच शिकवला होता. आवाजावर जायचं नाही." त्याने दोनदा सॉरी म्हटलं, एकदा ताईंना, एकदा मला, आणि निघून गेला. मातीत ओढलेली रेघ त्याने जाताना पाहिली की नाही, कोण जाणे.

परतताना गावातल्या एका छोट्या डायनरमध्ये आम्ही अंडी, टोस्ट आणि बटाटे मागवले. अंडी आली. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "मी मार म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "मी पण बघितलं नव्हतं, रेवती."

रविवार

या भागात रविवारी शिकार चालते, पण जायचं की नाही यावर रात्री जेवताना चर्चा झाली. ताई नको म्हणत होत्या. मीच हट्ट धरला. परत गेले नसते तर पुन्हा कधीच गेले नसते.

पार्किंगमध्ये वॉल्टचा ट्रक उभा होता. ताईंनी गाडी वळवायला घेतली. तो ट्रकच्या बाहेर, दोन्ही हात दिसतील असे उघडे ठेवून उभा होता. बंदूक नव्हती.

"बायकोला सांगितलं," तो म्हणाला. "बंदूक घरी आहे, आता ती मुलाकडे जाईल. हाक द्यायलाही लायसन्स लागतं, ते मात्र आहे. तुम्ही हो म्हणालात तर तुमच्यासाठी हाक देतो. नाही म्हणालात तर घरी जातो."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "तू सांग. नळीमागे तू होतीस."

"चला," मी म्हटलं.

आम्ही तिघं एकाच जाड मेपलला टेकून बसलो. वाट बघताना वॉल्ट कुजबुजला की त्याच्या लहानपणी या जंगलात एकही टर्की नव्हता. माणसांनीच संपवले होते आणि मग माणसांनीच पिंजऱ्यातून आणून परत सोडले. "पहिल्यांदा हाक ऐकली तेव्हा मी चाळिशीचा होतो," तो म्हणाला. "ट्रक रस्त्यात थांबवून बसून राहिलो."

मग त्याने हाक दिली. त्याच्याकडे डबी नव्हती, नुसतं तोंड. ताईंनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. शिकारीच्या अठरा वर्षांत असं ऐकलं नव्हतं, असं नंतर म्हणाल्या. कालच्यासारखीच धडधड झाली. वॉल्टला दिशा कळत नव्हती, म्हणून ताई त्याच्या गुडघ्यावर बोटाने दाखवत होत्या: डावीकडे, जवळ, अजून जवळ. काल त्याच्यावर ओरडणाऱ्या ताई.

नर उतारावरून आला. मी पक्ष्याकडे कमी आणि त्याच्या मागे जास्त बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे, पुन्हा मागे. त्याच्यामागे मोकळा उतार आणि मातीचा बांध. बावीस पावलं. मी बार टाकला.

तो जागीच पडला. मी जवळ गेले, गुडघ्यावर बसले. पिसं अजून गरम होती. त्याचा डोळा उघडा होता आणि त्यात झाडं दिसत होती. मी रडले. टॅग लावताना वॉल्टने दोरी धरली. "मी हात लावू?" त्याने विचारलं, आणि पंख एकदा उघडून, हळूच मिटून ठेवला.

घरी

सोमवारी मिसिसागाच्या किचनमध्ये मी कांदा-खोबरं भाजून काळ्या मसाल्याचा रस्सा केला. रानातल्या टर्कीच्या तंगड्या चिवट असतात. कुकरला सात-आठ शिट्ट्या द्या. मंदारने तीन वाट्या ओरपल्या. इराने एक घास खाल्ला, मग दुसरा, आणि म्हणाली, सगळं सांग.

मी सगळं सांगितलं. ओंडकाही. मंदारचा हात ताटातच थांबला.

इराने विचारलं, "डिड ही से सॉरी?"

"हो. दोनदा."

"डिड यू?"

"मी कशाला?"

"यू वर पॉइंटिंग अ गन ॲट हिम, आई."

मी म्हणणार होते की चूक त्याची होती. पण ती माझ्याकडे बघत होती. ताटं आवरल्यावर मी ताईंकडून वॉल्टचा नंबर घेतला आणि बाल्कनीत जाऊन फोन लावला. खाली हायवेवर ट्रक चालले होते. त्याला म्हटलं, "वॉल्ट, त्या दिवशी माझी बंदूक तुमच्याकडे रोखलेली होती. सॉरी म्हणायचं राहिलं."

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"रेवती," तो म्हणाला, "तुझ्या वयाचा मी तिथे असतो आणि समोर तसा पक्षी असता, तर मी मागे बघितलं नसतं."

मग त्याने विचारलं, रस्सा तिखट केलास का, आणि त्याच्या बायकोला रेसिपी हवी होती, म्हणून मी खोबरं किती भाजायचं ते सांगत बसले.