मगदूम सरांचं कृष्णविवर

मंगळवार, १२ मे. बारशाच्या फ्लेक्सला दोरी ओवायच्या रिंगा मारत बसले होते, तेवढ्यात मगदूम सर गेल्याचा फोन आला. उरलेल्या रिंगा मारल्या, गिऱ्हाइकाला फ्लेक्स दिला आणि मग सरांच्या घरी जाऊन आले. बारसं काही थांबणार नव्हतं.

शाहूपुरीत माझं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दुःखद निधन, सगळं छापते. आमच्याकडे माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत चौकात टांगलेला असतो. सर पहिल्यांदा आले ते मोठा चौकोनी फ्लेक्स सांगायला. त्यावर नुसत्या उभ्या-आडव्या रेघा हव्या होत्या.

"फोटो कुणाचा टाकू?"

"कुणाचा न्हाय."

"शुभेच्छुक?"

"विश्व हाय ते, वैनी. त्येला कोण शुभेच्छा देतंय?"

बिनचेहऱ्याचा फ्लेक्स मी तेव्हा पहिल्यांदा छापला. कारागिरानं दोनदा येऊन विचारलं, फाईल अर्धवट आली का म्हणून.

सर मूळचे कागलकडचे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. फ्लेक्सचे चार कोपरे ताणून बांधायचे, मधे शिरोलीच्या फाउंड्रीतून आणलेला लोखंडी गोळा ठेवायचा आणि जड वस्तूनं जागा कशी वाकते ते भोवती गोटी फिरवून दाखवायचं, असा त्यांचा बेत होता. दुकानातच करून बघितलं. गोटी छान फिरली. मी वाहवा केली, तर सरांचं तोंड वाकडं.

"खोटं हाय हे. गोळ्याला खाली कोण ओढतंय? पृथ्वीच की! म्हंजे गुरुत्वाकर्षण समजवायला गुरुत्वाकर्षणच उसनं आणलं."

त्यानंतर ते रोज येऊ लागले. खुर्ची ओढायची, चहा सांगायचा आणि फ्लेक्स न्यायला आलेल्या माणसाला धरायचं. "पावणं, आंबा झाडावरनं पडतो म्हणून कोण म्हणतंय? त्यो आपला सरळ चाललाय. जमीनच मधी आडवी येती." किंवा, "नुसती जागा वाकत न्हाय, वेळपण वाकतोय. पन्हाळ्यावरचं घड्याळ हितल्यापेक्षा फुडं पळतंय. अगदी कणभर, पण पळतंय."

"मग पन्हाळ्याची एसटी उशिरा का येती ओ सर?" एका भावी नगरसेवकानं विचारलं.

"ती तुमच्या अखत्यारीत. माझ्या न्हाय."

मला यातलं निम्मं कळलं. निम्मं गिऱ्हाइकं आल्यामुळे राहिलं. पण सरांना खरं सांगायचं होतं ते वेगळंच. मोठा तारा आपल्याच वजनानं आत ढासळत गेला की त्याचं कृष्णविवर होतं. त्याच्या पोटात काय आहे हे गणिताला विचारलं, की उत्तर अनंत येतं. अनंत म्हटलं की समोरचा हात जोडायचा आणि सर भडकायचे.

"हात काय जोडतायसा? अनंत आलं म्हंजे आपलं गणित मोडलं. फुडचं ठावं न्हाय. एवढं एक वाक्य लोकांच्या डोक्यात गेलं, की मी सुटलो."

ते वाक्य ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या हॉलमध्ये त्यांनी एकदाच जाहीरपणे म्हटलं. व्याख्यान तासाचं होतं. त्यात फेटे, शाली, नारळ, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत आणि त्या मनोगताबद्दल आभार. सरांच्या वाट्याला उरलेल्या वेळात ते आंब्यावरून धावत कृष्णविवरात शिरले आणि म्हणाले, "याच्या आत काय हाय, मला ठावं न्हाय. जगात कुणालाच ठावं न्हाय."

मंडळाचे अध्यक्ष अण्णा शिंत्रे घाईनं उठले. "सर विनयानं बोलतायत. एवढी वर्षं शिकवलंय त्यांनी, त्यांना माहीत नसेल होय?"

सरांनी माईक हिसकावला. "विनय कसला डोंबलाचा! खरंच ठावं न्हाय!"

टाळ्या पडल्या. एवढा मोठा माणूस आणि किती साधा, असं बायका आपसात म्हणाल्या. सर शाल-नारळ खुर्चीवरच ठेवून घरी गेले.

आता ते गेल्यावर संध्याकाळी अण्णाच श्रद्धांजलीचा मजकूर घेऊन आले. "कृष्णविवराचे गूढ उकलणारे थोर शास्त्रज्ञ." खाली बेचाळीस शोकाकुल, फोटोंसकट.

"उकलणारे काढा अण्णा," मी म्हटलं. "त्यांनी उकललं नव्हतं. तेच तर सांगत होते."

"अहो, मेलेल्या माणसाच्या फ्लेक्सवर 'काही कळलं नाही' असं लिहू? चौकात शोभतं का ते?"

"मग नुसतं शिक्षक लिहा."

"वैनी, तुम्ही काल एका पोराला हृदयसम्राट छापलंय. त्याचं कुठलं साम्राज्य तपासलंत?"

मुद्दा बिनतोड होता. मी खरंखोटं बघून कधीच छापलेलं नाही. बघितलं असतं तर मशीन विकावं लागलं असतं. तरीही मजकूर परत केला. अण्णा म्हणाले, दुकानं पुष्कळ आहेत. मी म्हटलं, जावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स झळकत होता. खाली अण्णा चार जणांना सरांची थोरवी सांगत होते. मी विचारलं, "उकललंय म्हणता, तर आत काय असतं ते सांगा की यांना."

अण्णांनी फ्लेक्सकडे बघितलं, लोकांकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ते गुपित सर बरोबर घेऊन गेले."

चौघांनी हात जोडले.

मी समोरच्या चहावाल्याचं स्टूल मागून घेतलं. रात्रीच दुकानातून पांढऱ्या स्टिकरची पट्टी आणली होती, ती 'उकलणारे' या शब्दावर नीट दाबून बसवली, बुडबुडा राहू दिला नाही. स्टूल परत केलं आणि दुकान उघडलं.