टाकीवर पाळत ठेवणाऱ्या विमलताई

शेवटची भेट झाली तेव्हा विमलताई सलाइनच्या बाटलीकडे बघत पडल्या होत्या. मी डबा घेऊन आत गेले, तर त्यांनी हातानंच जवळ बोलावलं, दाराकडे एकदा नजर टाकली आणि हळूच म्हणाल्या, "माया, त्या बाटलीवर नाव कोनाचं हाय, वाच बरं." मी वाचलं. औषधाचं छापील नाव आणि त्याखाली पेनानं लिहिलेलं त्यांचं. "माझंच हाय ना? नीट पाह्य. ते नवी पोरगी आली तशी बाटली बदलून गेली, एक शब्द बोलली नाही." तुमचंच आहे ताई, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थना चालू असताना यांचा फोन आला. "ताई गेली," एवढंच म्हणाले. मी व्हरांड्यात उभी राहिले आणि मनात पहिला विचार आला तो हा, की ही बातमी दुसऱ्या कुणाची असती तर ताईंनी आधी विचारलं असतं, "तुले कोनं सांगितलं? त्यानं स्वतः पाह्यलं का?"

विमलताई माझ्या नणंद, माझ्या नवऱ्याहून बऱ्याच मोठ्या. घर मूळचं भंडाऱ्याकडचं. सासरे स्टील प्लांटच्या नोकरीसाठी भिलाईला आले आणि इथलेच झाले. ताई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांचं लग्न झालं होतं. नवरा ट्रेनिंगला म्हणून राउरकेल्याला गेला आणि तिकडेच त्यानं दुसरं घर केलं. त्याबद्दल त्या माझ्याशी फक्त एकदा बोलल्या, तेही पोळ्या लाटता लाटता. "भर उन्हाळा होता अन् तो बॅगेत स्वेटर भरून राहिला होता. मी समोर उभी. पाह्यलं, पन विचारलं नाही..." आणि पुढची पोळी लाटायला घेतली. त्यानंतरच्या आयुष्यात विचारायचं त्यांनी कधी ठेवलं नाही. दूधवाल्याचं माप, सिलिंडरचं सील, रिक्षावाल्यानं घेतलेलं वळण, सगळ्याची चौकशी. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा चहात साखर कमी पडायची. ती मी त्यांच्यावरच्या रागानं मुद्दाम कमी घालते, असं त्यांना कितीतरी महिने वाटत होतं. मला गोड आवडत नाही एवढंच कारण असेल, हे त्यांना फार साधं वाटायचं.

रिटायर झाल्यावर त्या आमच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. त्याच हिवाळ्यात एके दिवशी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांमध्ये मला कबुतराचा एक अख्खा पंख सापडला, खांद्यापासून तुटलेला. आजूबाजूला पिसं. खालच्या मजल्यावरच्या साहूबाई वर आल्या आणि जिन्याच्या दारातच थांबल्या. "किसी ने टोना किया है," म्हणाल्या. ताई भडकल्या. "टोना-बिना काही नसते. हे मानसाचं काम हाय." माणूसही त्यांनी लगेच ठरवला होता. शेजारच्या ब्लॉकच्या गच्चीवर देवांगनजींची कबुतरं होती. त्यांची घाण आमच्या कपड्यांवर पडते म्हणून मी आदल्याच आठवड्यात त्यांना बोलले होते. तेव्हा हा त्यांनी उगवलेला सूड, असा ताईंचा हिशेब. स्वतःचंच कबूतर मारून कोण सूड घेईल, असं मी म्हटलं. तर म्हणाल्या, "म्हनूनच तं कोनाले शक येनार नाही."

मग त्या शाल गुंडाळून, चहाचा पेला घेऊन जिन्याच्या जाळीआड बसू लागल्या. चोर गच्चीवर आला की पकडायचा. काही सकाळी तशाच गेल्या. एक दिवस त्यांची हाक आली, "माया, ये लवकर! सापडला!" मी पीठभरल्या हातांनी वर धावले. ताई बोट दाखवत होत्या ते देवांगनजींच्या गच्चीकडे नाही, आमच्या ब्लॉकमागच्या पाण्याच्या टाकीकडे. उंच खांबांवरच्या त्या टाकीच्या घेराखाली सिमेंटचा एक अरुंद कट्टा आहे. त्यावर एक पक्षी बसून कबूतर सोलत होता. डोकं काळं, पोट विटकरी, आणि पिसं अशी सावकाश उपटत होता जशी आपण मेथी निवडतो. वाऱ्यानं ती पिसं तरंगत आमच्या मिरच्यांवर येत होती.

मी शाळेतून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. बहिरी ससाणा, त्यातही आपल्याकडची शाहीन नावाची जात. डोंगरातल्या कड्यांवर अंडी घालतो, असं त्यात होतं. ताईंनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. "मंग इथं कावून आला? इथं कोनता डोंगर हाय?" मी म्हटलं, त्याला टाकीच कड्यासारखी वाटली असेल. "असं पुस्तकात लिहिलं हाय का तू म्हनून राहिली?" मी म्हणून राहिले होते, हे कबूल करावं लागलं.

त्या दिवसापासून ताईंची पाळत सुरू झाली ती कायमची. यांनी नागपूरहून एक दुर्बीण आणून दिली. थंडीत ब्लॉकसमोरच्या मैदानावर खरुची यायचा. तो लहान ससाणा वाऱ्यावर पंख फडफडवत एकाच जागी लटकून राहतो. त्याच्याकडे ताई जेवढ्या संशयानं बघायच्या, तेवढं कुणाकडेच बघत नसत. "हे एका जागी थांबून काय पाहून राहिलं सांग बरं? काहीतरी हाय तिथं." आणि खरंच, तो खाली सूर मारून उंदीर उचलायचा. पण लोक आता ताईंकडेच संशयानं बघायला लागले. एक दिवस टाउनशिपचे दोन सिक्युरिटीवाले मोटरसायकलवर आले. "मैडम, कंप्लेंट है. आप दूरबीन से लोगों के घर में झाँकती हैं." ताईंनी दुर्बीण त्यांच्या हातात दिली, टाकीकडे तोंड करून उभं केलं आणि विचारलं, "दिखा? अब कंप्लेंट करनेवाले का नाम बताओ." नाव त्यांनी सांगितलं नाही. ताईंनी मनात देवांगनजींचंच धरलं.

देवांगनजी तसे शांत गृहस्थ. प्लांटमध्ये नोकरी, गळ्यात कंठी. कबीरपंथी घर, त्यामुळे मांस-मच्छीचं नाव नाही. कबुतरांवर मात्र भारी जीव. ससाण्यानं त्यांची कितीतरी कबुतरं नेली होती. टाकीकडे बघताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते मीही पाहिलं होतं. कट्ट्यावर पिल्लं दिसली त्या वर्षी ताईंची झोप उडाली. तीन पिल्लं, आधी पांढऱ्या कापसाच्या गोळ्यांसारखी, मग हळूहळू तपकिरी. आई-बाप येऊन भरवायचे, आणि ताई खाली बसून कोण टाकीच्या शिडीपाशी जातं ते बघायच्या.

एका सकाळी पिल्लं दोनच होती.

ताई सरळ देवांगनजींच्या ब्लॉकखाली गेल्या आणि चार लोकांसमोर म्हणाल्या, "आपने उतारा." ते नुसते उभे राहिले. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत, मान खाली घालून सायकल काढून निघून गेले. मला ताईंची लाज वाटली. पण घरी येऊन मीच विचार करत बसले, की निरपराध माणूस निदान चिडतो तरी.

दोन-तीन दिवसांनी मी आणि ताई बाजारात होतो. ताईंनी माझं मनगट दाबलं. चिकनच्या दुकानासमोर देवांगनजी उभे होते, कंठी शर्टाच्या आत सरकवलेली. त्यांनी छोटी काळी पिशवी घेतली आणि सायकलवर बसले, ते सेक्टरकडे न वळता उलट्या दिशेनं. "स्कूटी काढ," ताई म्हणाल्या. मी काढली. खोटं कशाला सांगू, मलाही जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या मागोमाग आम्ही टाउनशिपबाहेरच्या कोहका वस्तीपर्यंत गेलो. एका गल्लीतल्या बैठ्या घरात ते शिरले. ते त्यांचं सासर होतं, हे नंतर कळलं. ताईंनी दार वाजवलंही नाही.

अंगणात टोपल्यावर ओलं फडकं टाकलं होतं आणि देवांगनजी त्यासमोर उकिडवे बसले होते, हातात मांसाचा तुकडा, तोंड दुसरीकडे फिरवलेलं. टोपल्यात पिल्लू होतं. डोक्यावर अजून पांढरा कापूस, डोळे मोठे काळे. आम्हाला पाहून त्यानं चोच वासली आणि असं किंचाळलं, की मी दोन पावलं मागे सरले.

"नीचे गिरा था, दीदी," ते म्हणाले. "कुत्तों ने घेर लिया था. उठा लिया."

"तो बताया क्यों नहीं?"

देवांगनजींनी हात पुसले. "मैं बताता, तो आप मानतीं?"

ताई खाली वाकल्या, पिल्लाला नीट न्याहाळलं आणि फडकं थोडं बाजूला केलं. त्याच्या पायात नायलॉनची दोरी होती. मी देवांगनजींकडे बघितलं. "बिल्ली का डर था... भाग न जाए," ते पुटपुटले.

मी वनखात्याच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या माणसानं सांगितलं, घरात ठेवू नका, जखम नसेल तर घरट्याजवळच्या उंच जागी ठेवा, आई-बाप शोधून काढतील. दोरी ताईंनी स्वतः सोडली. चोचीनं बोट फाटलं, रक्त आलं. पिल्लू खोक्यात घालून देवांगनजींनी सायकलला बांधलं आणि आम्ही मागोमाग स्कूटीवर, ताईंची नजर पूर्ण रस्ताभर त्या खोक्यावर. उन्हं उतरायच्या आत आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात ते ठेवलं. दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं जिन्याच्या जाळीआड बसलो होतो. मादी आली, गच्चीच्या कठड्यावर उतरली. तिच्या पंजात कबूतर होतं, पांढरं, पायात देवांगनजींनीच घातलेला लाल मणी. त्यांनी डोळे मिटून घेतले. पिल्लू धडपडत तिच्याकडे गेलं आणि खायला लागलं... ताईंनी पदर तोंडावर दाबला. ते रडणं होतं की काय, मला ठरवता आलं नाही.

पिल्लू वाचलं, काही दिवसांत उडालं. पण ताईंचा संशय काही गेला नाही. "दोरी बांधली होती," त्या म्हणायच्या. "जपनारा मानूस दोरी बांधते का?" मी म्हणायचे, मांजरीच्या भीतीनं बांधली असेल. "असेल. नसेलबी." ते पिल्लू पडलं होतं की उतरवलं होतं, हे त्या एका माणसालाच ठाऊक आहे.

आणि तरीही त्यानंतरच ताईंनी एक गोष्ट सुरू केली. रोज सकाळी मादी टाकीवरून शिकारीला निघाली, की त्या देवांगनजींना फोन करायच्या. "निकली है. अभी मत छोड़ना." फोन बंद. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. ते खुराड्याचं दार लावून घ्यायचे आणि ती परत येऊन बसली की ताई पुन्हा सांगायच्या, "आ गई." कधी पाऊस असो, कधी ताईंना ताप असो, फोन चुकला नाही. मी एकदा चिडवलं, म्हटलं, ताई, विश्वास बसला वाटतं त्यांच्यावर! तर म्हणाल्या, "विश्वास कायचा? त्याचे कबुतरं वाचले तं त्याले बाजाचा राग येनार नाही. मी बाजासाठी करून राहिली." असेलही. पण देवांगनजींना कधी फोन उचलायला उशीर झाला, तर त्या गच्चीच्या टोकाला जाऊन त्यांच्या दाराकडे बघत राहायच्या. तेव्हा दुर्बीण टाकीकडे नसायची.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला देवांगनजी आले होते, मागे चपलांजवळ बसले. वंदना झाल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "भाभी, दीदी आखिर तक मुझ पर शक करती थीं क्या?" मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचं असतं, पण ताईंच्या फोटोसमोर उभं राहून मला खोटं बोलवेना. "हाँ," मी म्हटलं. "करती थीं." "फिर भी फोन करती थीं," एवढंच म्हणाले आणि चपला शोधू लागले.

आता जानेवारी लागलाय. जोडी पुन्हा टाकीच्या कट्ट्यावर दिसू लागली आहे. परवा सकाळी कपडे वाळत घालताना मी मादीला निघताना पाहिलं आणि हात ओले असतानाच ताईंच्या फोनवरून नंबर लावला. घंटी बराच वेळ वाजत राहिली. त्या नंबरवरून पुन्हा कधी फोन येईल, असं त्यांना वाटलं नसणार.

"कौन बोल रहा है?"

"मैं, माया. निकली है. अभी मत छोड़ना."

"आपने खुद देखा?"

"हाँ."

"किस तरफ गई?"

ते मी पाहिलं नव्हतं.

"दीदी तरफ भी बताती थीं," ते म्हणाले.

"रुकिए," मी म्हटलं, आणि फोन तसाच कानाला धरून गच्चीच्या दुसऱ्या टोकाकडे धावले.