नव्या जिल्ह्याची पाठदुखी

आमच्या ऑफिसात कोणी "पाठ धरली" म्हणायचाच अवकाश, की खोलीतला प्रत्येक जण डॉक्टर व्हायचा! एमबीबीएस कोणीच नाही, पण औषधं सगळ्यांकडं. असे इलाज आणि त्यांचे किस्से साठत गेले. पाठ मात्र कोणाचीच बरी झाल्याचं मला आठवत नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जिल्हा नवा, ऑफिस नवं आणि बिल्डिंग म्हणजे आडतीचं रिकामं गोडाऊन. वर दुष्काळ. सकाळी टँकरवरून घागरी वाहायच्या आणि दिवसभर फरशीवर फायली मांडून वाकून लिहायचं. पाठ तरी किती दिवस सहन करणार?

*

आम्ही खुर्च्या मागितल्या. वरून पत्र आलं, "खुर्च्या कशासाठी हव्यात ते कळवावे." आमचे हेडक्लार्क बिराजदार अण्णा सरळ माणूस. त्यांनी लिहिलं, "बसण्यासाठी."

दोन महिन्यांनी उत्तर आलं, "सविस्तर खुलासा करावा!"

अण्णा कंबर चोळत म्हणाले, "आता चित्र काढून धाडतो."

*

अण्णांना डॉक्टरांनी सांगितलं, मऊ गादी सोडा, कडक फळीवर झोपा. अण्णांनी लगेच सुताराकडून फळी आणली. घरात गादी एकच होती, ती आता एकट्या वहिनींच्या वाट्याला आली.

पंधरा दिवसांनी मी विचारलं, "अण्णा, फरक पडला का?"

"लई पडला!" अण्णा म्हणाले. "मी हाय तसाच हाय, पर हिची पाठ एकदम मोकळी झाली."

*

जीपचे ड्रायव्हर शेखभाई. त्यांचा भरवसा विटेच्या शेकावर. वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि पाठीला लावायची. इलाज काही वाईट नाही, पण घरी बसून करायचा असतो. शेखभाई टंचाईच्या पाहणीला निघाले ते वीट पाठीमागं ठेवूनच! रेणापूरच्या अलीकडं रेक्झीन जळाल्याचा वास सुटला.

सीटला भोक पडलं. आता कारण काय लिहायचं? अण्णांनी दोन मिनिटं विचार केला आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, "अतिउष्णतेमुळे." साहेबांनी वाचून सही केली. दुष्काळात काय काय जळालं, त्यात आमची सीटही गेली.

*

आता आमचे साहेब. पाठदुखीवर त्यांनी आम्हाला एकदा पाऊण तास लेक्चर दिलं. आम्ही ते फरशीवर बसून ऐकलं, साहेब खुर्चीत होते. ओझं उचलताना गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा, वजन अंगाजवळ धरा, एका मोठ्या घागरीऐवजी दोन लहान कळश्या आणा. सगळं बरोबर होतं.

टायपिस्ट सोनकांबळे बाईंनी विचारलं, "साहेब, तुमच्या घरी कोण उचलतं?"

"आमच्याकडं टँकर दारात येतो," साहेब म्हणाले.

बाईंनी विचारलेलं साहेबांना आवडलं नाही. तसं त्यांना बाईंचं बरंच काही आवडत नसे. बाईंनी घरून आणून भरलेल्या माठातलं पाणी आम्ही सगळे प्यायचो. साहेबांना मात्र त्या कडक उन्हाळ्यात कधी तहानच लागली नाही!

आठवड्यानं बाईंची बदली दोनशे किलोमीटरवरच्या हिमायतनगरला ठरली. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, दोन लेकरं, नवरा उमरीला मास्तर. टँकरपुढं उभं राहायला दुसरं कोणी नाही. बाईंनी विनंतीचे तीन अर्ज दिले, तिन्ही परत आले. शेवटी स्वतःच्या बदलीची ऑर्डर स्वतःच टाईप केली, चार कार्बन लावून, एकही चूक न करता. मला फार वाईट वाटलं. आम्ही कोणी तोंड उघडलं नाही, याचं जास्त वाटलं.

*

ऑर्डरवर सही झाली त्याच सकाळी साहेबांनी बाईंकडून चार्ज घेतला. "हे मशीन इथून हलवा," म्हणाले. मग आम्हाला धडा द्यायची हुक्की आली. गुडघ्यात वाकले, पाठ सरळ ठेवली, टाइपरायटर अंगाजवळ धरला, उचलला. आणि सगळे बघतायत ना, हे पाहायला वळले!

"आई गं!"

साहेब टेबलावर पालथे. शेक झाला, निर्गुडीचा पाला झाला, बामची डबी संपली. दोन दिवसांवर मंत्र्यांचा दुष्काळी दौरा, आणि साहेबांना कूस बदलता येईना.

अण्णा हळूच म्हणाले, "साहेब, चमक भरलीय. जन्मताना ज्याचे पाय आधी आले, त्या पायाळू माणसानं पाठीला तीनदा पाय लावला की उतरते."

"मग बोलवा ना कोणाला तरी!"

"ऑफिसात एकच हाय, साहेब. सोनकांबळे बाई."

साहेबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "बोलवा."

बाई डबा पिशवीत भरत होत्या. तशाच आल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या.

"मी असलं काही मानत न्हाई, साहेब. पर तुम्ही मानता, तर पाय लावायला माझी ना न्हाई. अडचण एवढीच हाय, सकाळपासून तुमच्या सहीनं मी हिमायतनगरला हाय."

साहेबांनी पालथ्यानंच हात पुढं केला. "बिराजदार, पेन द्या!"