अंगठी अडली तेव्हा

फर्निचरच्या दुकानावरून जाताना शिसवाच्या भुशाचा वास आला, की माझी बोटं आजही खाजायला लागतात. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मला साक्षात्कार झाला, की गिटारच्या दांड्यावरचं पॉलिश काढलं तर हात लोण्यासारखा सरकेल. मग काय, गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीत बसून पॉलिशपेपरनं शिसव उघडं केलं आणि होणाऱ्या बायकोसाठी बसवलेलं गाणं संध्याकाळभर त्यावर घोटलं. सकाळी बोटांची सुजून गाजरं झाली होती. कार्यालयात गुरुजींचे मंत्र चालू, आणि मी पाटावर चुळबुळत उपरण्याखाली हात घासतोय. "मुलाला काही त्वचेचं दुखणं-बिखणं नाही ना?" तिच्या आत्यानं शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं कुजबुजत विचारलं. होणारे सासरे सुपारी फोडायचे थांबले. "लाकडाची ॲलर्जी आहे," मी म्हणालो. "अगंबाई, मग पाटावर कसे बसलात?" आत्यानं लगेच विचारलं. तेवढ्यात अंगठी घालायची वेळ आली आणि ती पेरावरच अडली. होणाऱ्या बायकोनं जोर लावला, मी कळवळलो. "गिटार घासलीस ना? काल फोनवर खरखर ऐकली मी," ती दात आवळून म्हणाली, आणि अंगठी सरळ करंगळीत सरकवून मोठ्यानं म्हणाली, "बाबा, फोडा सुपारी." सूज केव्हाच उतरली, अंगठी मात्र अजून करंगळीतच आहे, दोरा गुंडाळून. बोट बदलू म्हटलं तर ती म्हणते, "राहू दे, तुझा काय भरवसा!"