हात लागलेला वजीर

फोनवर एकट्यानं बुद्धिबळ खेळून कंटाळलेला निवृत्त पोस्टमन मुन्सिफ ट्युनिशियातल्या सफाक्स शहरातल्या बुद्धिबळाच्या क्लबात जाऊ लागला. पहिल्याच दिवशी त्याला नियम कळला: ज्या मोहऱ्याला हात लागला, तोच चालवायचा.

दुसऱ्या दिवशी समोर त्याच्याहूनही बरेच म्हातारे शाझलीकाका होते. पटावरून फिरता फिरता त्यांची बोटं वजिराला लागली.

"हात लागला! आता वजीरच चालवा," मुन्सिफ ओरडला.

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून मुन्सिफकडे पाहू लागली. काका हसले, त्यांनी वजीर सरकवला आणि डाव हरले.

"हरणाऱ्यानं चहा पाजायचा," म्हणत त्यांनी पुदिन्याचा चहा मागवला. ग्लास आला, तेव्हा तो शोधायला त्यांची बोटं तशीच टेबलावरून फिरली.

"काका, तुम्हाला दिसत नाही? मग बोलला का नाहीत?"

"इथं सगळ्यांना ठाऊक आहे. तूच नवा. आणि ओरडलास काय तोऱ्यात!"

"वजीर मागे घ्या. पुन्हा खेळू."

"हरलेला डाव मागे घेत नाहीत, पोरा. चहा पी."

मुन्सिफनं चहा तसाच ठेवला. पुढच्या संध्याकाळी तो काकांसमोरच बसला आणि कुणी न सांगता आपली प्रत्येक चाल मोठ्यानं बोलत राहिला.