सेंट क्लेअर नदीवर चार कॅमेरे

फोटो काढायला म्हणून जावं, तर घरी येईपर्यंत फोटो तीन आणि सांगण्यासारखं भलतंच काहीतरी हाताला लागलेलं, असं आमचं बऱ्याचदा होतं. फोटो निदान डिलीट करता येतात. किस्से साचत जातात. कुणाकडे गणपतीत जेवायला गेलं की वाढता वाढता कुणीतरी म्हणतंच, "तुमचं ते नदीवरचं सांगा ना." सांगितलं की लोक हसतात. मग हळूच विचारतात, "पण खरं काय होतं ते?"  आमच्याकडे फक्त जे झालं ते आहे.

आम्ही चौघं, सगळे मिशिगनमधल्या नोव्हाय गावचे. मी मनीषा, मूळची नागपूरची, गाड्यांच्या सीट डिझाइन करते. वृंदा माझी मैत्रीण, मुंबईची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. उन्मेष पुण्याचा, आमच्यात सगळ्यात लहान, आणि सगळ्यात लांब लेन्स त्याच्याकडे. चौथे केळकर काका, रिटायर्ड, सत्तरी ओलांडलेले, निम्मं आयुष्य मिशिगनमध्ये गेलेलं. व्हॅन त्यांची, थर्मासातला चहाही त्यांचाच.

शनिवारी सकाळी सव्वा तास ड्राइव्ह करून आम्ही सेंट क्लेअर नदीवर जातो. काठावर एक छोटं पार्क आहे, दोन बाक आहेत. अलीकडे मिशिगन, पलीकडे कॅनडा, मध्ये जेमतेम अर्धा मैल पाणी. त्या पाण्यात कुठेतरी बॉर्डर आहे. काका म्हणतात, "नसलेल्या रेषेचा फोटो काढायला येतो आपण." सहा वर्षं झाली, तो काही मिळालेला नाही.

*

पहिल्याच वर्षीची गोष्ट. थंडी होती, म्हणून मध्येच आम्ही व्हॅनमध्ये बसून थालीपीठ खात होतो. माझा फोन सकाळपासून पुढे चार्जिंगला लावलेला, सायलेंटवर.

इतक्यात मागे एक गाडी करकचून थांबली. बघते तर माझा नवरा, शेखर. तो व्हॅनपाशी आला, दार सरकवलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिथेच खाली फुटपाथवर बसला. पायात घरातल्या चपला. बर्फात सत्तर मैल त्या चपलांवर आला होता.

"काय झालं? मुलं ठीक आहेत ना?"

त्याने नुसता फोन पुढे केला. घरी बसल्या बसल्या त्याने सहज माझं लोकेशन बघितलं होतं. माझा निळा ठिपका नदीत होता. काठाशी नव्हे, चांगला मधोमध. त्याने मला चौदा फोन केले. मी एकही उचलला नाही. मग तो तसाच निघाला.

उन्मेषने त्याला समजावलं. "शेखरदादा, इथे कॅनडाचा टॉवर मध्ये येतो. फोन कन्फ्युज होतो. ठिपका इकडेतिकडे उडतो."

शेखरने चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाला, "उडला असता तर मी घाबरलो नसतो. तो चालत होता. सावकाश. वीस मिनिटं." आणि नदीकडे बघून म्हणाला, "पाणी इकडून तिकडे वाहतंय ना? तो उलटा चालला होता."

त्यानंतर मी नदीवर फोन खिशात ठेवते. खिशात असला की ठिपका बरोबर बाकापाशी असतो.

*

धुकं म्हणजे आमची चैन. धुक्यात कॅनडा दिसेनासा होतो आणि नदीला एकच काठ उरतो.

या नदीतून प्रचंड मालवाहू जहाजं जातात, हजार हजार फूट लांब. एवढं जहाज जवळ येतं तेव्हा आधी काठाचं पाणी मागे ओढलं जातं. दगड उघडे पडतात. जहाज पुढे गेलं की पाणी परत येऊन आदळतं. आम्हाला हे पाठ झालंय.

त्या दिवशी इतकं धुकं होतं, की ट्रायपॉडचे पुढचे पाय दिसत नव्हते. आमच्या शेजारी एक म्हातारा गोरा गृहस्थ बादली घेऊन मासे धरत बसला होता. आम्ही धुकं विरळ व्हायची वाट बघत होतो. अचानक त्याने दोरी गुंडाळली, बादली उचलली आणि चार पावलं मागे जाऊन उभा राहिला.

मग पाणी ओसरायला लागलं. खाली, अजून खाली. नदीचा तळ मी इतका कधी बघितला नव्हता. एक जुना बूट दिसला, शेवाळाने भरलेला. इंजिनाचा आवाज नाही, भोंगा नाही. फक्त आपल्यासमोरून काहीतरी खूप मोठं सरकतंय, असं अंगाला कळत होतं. थंड हवेचा एक लोट आला, आणि त्यामागून पाणी. उन्मेषची बॅग भिजली, काका गुडघ्यापर्यंत ओले झाले.

वृंदाने लगेच जहाजांचं ॲप उघडलं. कुठलं जहाज कुठे आहे ते त्यात कळतं. तिने स्क्रीन आम्हाला दाखवली. आख्ख्या नदीत एकही जहाज नव्हतं.

काका त्या म्हाताऱ्याकडे गेले. "कुठलं जहाज होतं हे?"

तो गळाला नवीन आमिष लावत होता. मान वर न करता म्हणाला, "ते मी विचारत नाही. मी फक्त बादली उचलतो."

*

वृंदाचा किस्सा ती स्वतः सांगत नाही, म्हणून मी सांगते.

तिला टाइमलॅप्स करायचा होता. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का लावायचा आणि दर दहा सेकंदांना एक फ्रेम. चाळीस मिनिटं तिने ते चालू ठेवलं. संपतंय तेवढ्यात नदीवर गस्त घालणारा एक अधिकारी गाडीतून उतरून आला. ते अधूनमधून येतात, विचारपूस करतात, जातात. तरुण होता, नम्र होता.

"काय शूट करताय?"

"पाणी," वृंदा म्हणाली आणि कॅमेऱ्याची स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

त्याने दोन फ्रेम बघितल्या. मग एक फ्रेम झूम केली. "हे काय आहे?"

पाण्याच्या मधोमध काळा गोल ठिपका होता. अजून झूम केल्यावर डोकं दिसलं. माणसाचं.

"मला वाटलं ओंडका असेल," वृंदा म्हणाली.

पुढचे दोन तास मी विसरणार नाही. अलीकडून एक बोट आली, पलीकडून एक. वर हेलिकॉप्टर. आम्हाला व्हॅनपाशी उभं राहायला सांगितलं, सगळ्यांचे कागद बघितले. वृंदा पूर्ण वेळ नदीकडे पाठ करून उभी होती. "मी समोर उभी होते, मनीषा," एवढंच म्हणत होती. "कुणीतरी बुडत होतं आणि मी फोटो काढत होते."

काही सापडलं नाही. बोटी परत गेल्या. अधिकारी कॅमेरा घेऊन आला. मधल्या वेळात त्याने गाडीत बसून सगळ्या फ्रेम बघितल्या होत्या.

"मॅडम, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका," तो म्हणाला. "बुडणारा माणूस या पाण्यात मिनिटभरात तुमच्या फ्रेमबाहेर गेला असता. ओंडकासुद्धा. हे चाळीस मिनिटं जागचं हललेलं नाही."

"मग बोया असेल," काका म्हणाले. "पाण्यात खुणेचे पिंप सोडतात तसा."

"इथे बोया नाही." तो थोडा घुटमळला. "हललं नाही म्हणजे, जागा बदलली नाही. पहिल्या फ्रेममध्ये त्याचं तोंड कॅनडाकडे आहे."

"आणि शेवटच्या?" वृंदाने विचारलं.

त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "सावकाश गाडी चालवा."

*

एक काकांचा. छोटाच आहे.

दोन वर्षांपूर्वी काठालगत नदी गोठली होती. आम्हा तिघांना ताप होता, काका एकटेच गेले. रात्रभर बर्फ पडून थांबलेला, सगळीकडे कोरी पांढरी चादर. पार्कमध्ये त्यांच्या आधी कुणीच आलेलं नव्हतं.

काका बाकाकडे निघाले आणि थबकले. नदीकडून बाकापर्यंत पावलं उमटली होती. गोठलेल्या भागाच्या कडेपासून, जिथे उघडं पाणी सुरू होतं तिथून, थेट बाकापर्यंत. बुटांची नव्हेत, अनवाणी. बाकाच्या उजव्या टोकाला बसण्यापुरता बर्फ पुसलेला. तिथून परत जाणारी पावलं कुठेच नव्हती.

काकांनी ते सगळं आम्हाला फोनवर सांगितलं. वृंदा म्हणाली, "काका, मग तुम्ही काय केलंत? निघालात ना लगेच?"

"अगं, एवढा ड्राइव्ह करून आलो होतो, पाय दुखत होते," काका म्हणाले. "मी डाव्या टोकाला बसलो."

*

आणि हा गेल्या ऑक्टोबरातला.

आमच्या पार्कच्या बरोबर समोर, कॅनडाच्या काठावर, हिरव्या छपराचं एक घर आहे. पुढे पाण्यापर्यंत उतरत गेलेलं गवत. सहा वर्षांतल्या आमच्या प्रत्येक फोटोत ते आहे. काकांच्या मनात आलं, एकदा तिथून आपल्या काठाचा फोटो घ्यावा.

काका आणि वृंदा सिटिझन, माझं ग्रीन कार्ड. आम्ही तिघं पुलावरून सहज जाऊ शकत होतो. उन्मेषचा प्रश्न होता. त्याच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं, वकिलाने बजावलेलं की देशाबाहेर पाऊल टाकू नको. तीन वर्षं तो कुठेही गेला नव्हता. वडील गेले तेव्हासुद्धा नाही. त्या विषयावर तो बोलत नसे.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "मी इथे थांबतो. तुम्ही तिथे पोचलात की मी इथून लाँग लेन्सने तुमचा फोटो काढतो. माझ्यातर्फे हात करा."

पूल ओलांडून आम्ही फिरून त्या घरापाशी गेलो. गवत त्यांचं, म्हणून आधी परवानगी घ्यायला बेल वाजवली. साठीच्या एका बाईंनी दार उघडलं. आम्हाला आणि गळ्यातल्या कॅमेऱ्यांना बघून त्या म्हणाल्या, "शेवटी बेल वाजवलीत. बरं वाटलं."

काकांना कळेना. "आम्ही पहिल्यांदाच येतोय."

बाई हसल्या नाहीत. "तुम्ही दर शनिवारी येता. चौघं. खाली पाण्यापाशी उभे राहता, घराकडे पाठ करून. मी हाक मारते, तुम्ही वळत नाही. माझे मिस्टर म्हणतात, फोटोच काढतायत, काढू दे."

वृंदाने माझा दंड धरला. मी म्हटलं, "दुसरे कुणीतरी असतील."

त्यांनी फोन आणून दाखवला. खिडकीतून काढलेला फोटो होता. खाली गवताच्या टोकाला चार पाठमोरी माणसं. काकांची केशरी टोपी. माझा निळा मफलर, आईने विणलेला, तसा दुसरा नाही. वृंदा ट्रायपॉडवर वाकलेली. आणि डावीकडे उन्मेष, खांद्यावर चंदेरी पट्टी असलेलं त्याचं जॅकेट. त्यांच्या पलीकडे नदी, आणि नदीपलीकडे आमचं पार्क. तिथले दोन बाक स्पष्ट दिसत होते. रिकामे.

 काकांनी चष्मा पुसत विचारलं, "आम्ही खाली जाऊन उभं राहिलं तर चालेल?"

"जा की," बाई म्हणाल्या. "आज तिघंच?"

आम्ही उतरलो. गवत दवाने ओलं होतं. पाण्यापाशी तिघं एका ओळीत उभे राहिलो. समोर आमचं पार्क, आणि बाकाशेजारी उन्मेष, एवढासा, ट्रायपॉडमागे. आम्ही हात केला. त्यानेही केला.

माझा फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"दिसताय, एकदम क्लिअर," उन्मेष म्हणाला. "मनीषाताई, जरा डावीकडे सरका. हां. पण तो चौथा कोण आहे? त्याला म्हणावं इकडे तोंड कर, एकटाच तो घराकडे बघत उभाय."

आम्ही तिघंही नदीकडे बघत राहिलो. काकांनी हात पुढे करून माझा फोन बंद केला.